अर्थिंगचा पॉइंट नसतो

आम्ही मूळचे कुठले म्हणाल तर मलाही धड ठाऊक नाही, वडील सांगायचे की आजोबा खानदेशातून रेल्वेत तारबाबू म्हणून आले आणि मग इंदूरचेच झाले, वडील मिलमध्ये साळखात्यात, मतलब कापड विणायच्या खात्यात, आणि मी त्याच मिलच्या बिजलीखात्यात. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि भांडण लागलं की मालवी, असं आमचं. भावंडं दोनच, मी आणि शालूताई, ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या घराचं वायरिंग मी फुकट केलं आणि त्यात ती गेली. तुम्ही मघाशी विचारलंत ना, की वसंतराव, सगळ्यांपेक्षा तुमचा भाव चढा का, तर त्याचं उत्तर त्या फुकटच्या कामात आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

साळखात्यात हवा ओली ठेवावी लागते, नाहीतर धागा तुटतो. ओली हवा, लोखंडाचे लूम आणि अनवाणी माणसं. लोखंडात चुकून करंट उतरला तर तो माणसातून न जाता तारेतून जमिनीत जावा, यासाठी खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, आणि तिथून प्रत्येक लूमला तार, याला अर्थिंग म्हणतात. आमचे मोठे मिस्त्री देवाला एकवेळ विसरत, पण अर्थिंगला नाही. मी एकवीस वर्षं तिथे होतो, करंट लागून माणूस मेलेला पाहिला नाही. तो पाहायला मला बहिणीच्या घरी जावं लागलं.

मग मिल बंद पडली. काय सांगू तुम्हाला, गेटवर सभा झाल्या, नेते आले, हार घालून घेतले, म्हणाले मिल बंद होऊ देणार नाही, आणि मिल बंद होऊन तेव्हा दोन महिने झालेले. पेपरात रोज यायचं की देश खुला झाला. अनंत चतुर्दशीची मिलची झांकी, मतलब दिव्यांचा चित्ररथ, मात्र त्या वर्षीही निघाली, पगार नाही पण झांकी निघाली, चंदा गोळा करून आम्हीच हजारो बल्ब लावले, लोक म्हणाले वा भिया, क्या लाइटिंग है, आणि दुसऱ्या दिवशी तेच बल्ब उतरवणारे आम्ही चौकात काम शोधत उभे.

तेव्हा मी घरांच्या वायरिंगला लागलो. या धंद्यात भाव पॉइंटवर असतो. एक बल्ब म्हणजे एक पॉइंट, पंखा एक, प्लगची जागा एक. घरमालक भिंतीकडे बघून मोजतो आणि घासाघीस करतो. अर्थिंगचा पॉइंट नसतो. ते जमिनीत जातं, वर माती पडते, वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्याला ते दाखवता येत नाही.

जिजाजी आमच्याच मिलमध्ये टाइम ऑफिसात बाबू होते. हजेरीच्या वहीवर लाल पेन चालवण्यात आयुष्य गेलं. त्यांचे थकलेले पैसे कसेबसे मिळाले, त्यात बायपासच्या अलीकडे छोटा प्लॉट घेऊन दोन खोल्या उठवल्या. बाजारातल्या एका ठेकेदाराने वायरिंगचा आकडा सांगितला तो घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले घरचा माणूस असताना बाहेरच्याला का द्यायचे. मी म्हटलं मजुरी शून्य, सामान तेवढं आणा. आमच्याकडे बहिणीच्या घरचा पैसा घेत नाहीत, पाणी प्यायलं तरी ओवाळणी टाकून यायचं, असं वडिलांचं. त्या वेळी माझ्या घरात दोन वेळचं पीठ नव्हतं, पण ऐट होती.

मी सामानाची यादी दिली. जिजाजींनी लाल पेन काढलं. बाहेरच्या खोलीत झुंबर पाहिजे ते ठेवलं, दारावर नावाची पाटी आणि तिच्यात बल्ब, ते ठेवलं. अर्थिंगची ओळ मारली. मी म्हटलं जिजाजी, हे नका काढू. तर हसले, म्हणाले वसंता, तुला अजून सगळीकडे मिलच दिसते, इथे काय आम्हाला लूम चालवायचे आहेत. ताई चहा घेऊन आली, तिने विचारलं काय रे ते, मी सांगितलं, ती म्हणाली हे म्हणतात तसं कर बाबा, तू आधीच फुकट करतोयस, त्यात आणखी वाद कशाला. आणि मी गप्प बसलो. इथेच चुकलो बघा. मजुरी घेतली असती तर म्हणालो असतो की असं काम मी करत नाही, दुसरा बघा, आणि पिशवी उचलली असती. पण फुकट करणाऱ्याला रुसता येत नाही, लोक म्हणतात उपकार दाखवतो. मनात म्हटलं, दिवाळीनंतर स्वतःच्या पैशाने पट्टी आणून टाकू. आणि प्लग तीन भोकांचे बसवले, चांगले दिसतात म्हणून. तिसरं भोक अर्थिंगचं, त्याच्या मागे तार नव्हती.

दिवाळी गेली, माझ्याकडे पट्टीचे पैसे झाले नाहीत. मग उन्हाळा आला. इंदूरचा मे तुम्हाला माहीत आहे, जिजाजींनी पत्र्याचा कूलर आणला. दुपारी ताई त्यात पाणी भरायला गेली, फरशी ओली, पाय अनवाणी. आतल्या पंपाचा करंट पत्र्यात उतरला होता, त्याला जायला दुसरी वाट मी ठेवलीच नव्हती.

जिजाजी कूलरवाल्याच्या दुकानावर गेले, आरडाओरडा केला, सगळ्या बिरादरीने कूलरवाल्याला शिव्या दिल्या. तो बिचारा हात जोडत राहिला. मी तिथेच उभा होतो. मी बोललो नाही, जिजाजी बोलले नाहीत. तेराव्याला त्यांनी माझ्या पानात वाढलं, आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही, आणि पुढे कधी तो विषय निघाला नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी जाऊन खड्डा खणला. कोणी विचारलं नाही कशाला. माझ्या खर्चाने.

तेव्हापासून मी कुणाचं फुकट करत नाही. सख्ख्या साडूचं नाही, देवळाचं नाही. यादीत पहिली ओळ अर्थिंगची, ती मारली की मी निघतो. लोक म्हणतात म्हातारा महागडा आहे, अकडू आहे. बरोबर म्हणतात.

परवा भाचीने बोलावलं, मिनूने, ताईच्या मुलीने. कर्ज काढून तिने दोन खोल्यांचं घर बांधलंय. इथे मालव्यात मामा भाचीच्या पाया पडतो, तिच्याकडून घेणं म्हणजे पाप. मी म्हटलं यादी देतो, मजुरीचं बोलू नकोस. जिजाजी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, आता त्यांना कमी दिसतं. मिनू आत गेली, पाकीट घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, मामा, मजुरी पूर्ण घे, आधी घे, आणि मग तुला जे बरोबर वाटेल ते आम्हाला न विचारता कर.

जुनं ते सगळं बापाने तिला सांगितलं होतं का तिचं तिनेच ताडलं, मला माहीत नाही. जिजाजी भिंतीकडे बघत होते. पोर सुखात राहो, एवढंच. मी विचारलं नाही. पाकीट घेतलं, तिच्यासमोर उघडून नोटा मोजल्या, आणि खिशात ठेवलं.