तुमच्याचसाठी बंद

बुधवारी माझा उपास असतो, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही, ऐकते मात्र. ग्रीसमध्ये, थेस्सालोनिकीत मी बसची वाट बघत होते; थांब्यामागच्या कॉलेजच्या दाराला साखळी घालून एक विद्यार्थी बसला होता. घानाहून आलेली मुलगी कागद घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

“आत सोड रे दादा, नाव नोंदवायचा आज शेवटचा दिवस आहे.”

“कॉलेज बंद. आम्ही ताबा घेतलाय.”

“कशासाठी?”

“अगं, तुम्हा परदेशी विद्यार्थ्यांच्या हक्कांसाठी!”

“केवढे उपकार! आज नोंद झाली नाही, तर मला घरी परत पाठवतील.”

“बघ! म्हणूनच तर लढतोय.”

“मग पाच मिनिटं दार उघडून लढ ना.”

“माझ्या हातात नाही गं. दार उघडायचं की नाही, यावर बारा वाजता विद्यार्थ्यांच्या सभेत मतदान आहे.”

“मीही येते. मत देते.”

“ये की! फक्त नाव नोंदवल्याची पावती आण.”