चौथ्या माणसाला एकदा

शुद्धलेखनाकडे बघू नका हं, काकू — ऱ्हस्वदीर्घ माझं कसंही पडतं, आणि शब्दही साधेच — आठवीतच शाळा सुटली, त्यामुळे माझा कागद कुणी असा हातात घेऊन वाचायला लागलं की मला घाम फुटतो. आणि तो वाचायचाही नाही खरं तर. कंपनीचा आहे, कुणाला दाखवायचा नाही अशी सक्त ताकीद आहे — पण तुम्ही हिसकावूनच घेतलात, आता काय करणार? नाही, नाही, रागावलो नाही. मला रागावताच येत नाही, घरी त्यावरून सगळे हसतात. सकाळपासून तुमच्या दुकानाच्या दारात बसलोय, स्टूल तुम्हीच दिलंत, पाणी दिलंत, मी आपला ‘मित्राची वाट बघतोय’ म्हणालो — आणि अंगठा चालूच. तुमच्या लक्षात येणारच की! मित्राची वाट बघणारा माणूस येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला बघून अंगठा कशाला दाबेल? हे यंत्र — क्लिकर म्हणतो आम्ही — एक माणूस गेला, एकदा दाबायचं. एवढंच माझं काम. सात ते सात, तीन दिवस, एक कोपरा. मग एकूण आकडा लिहायचा, त्यात बायका किती, म्हातारी माणसं किती, हातात पिशवी किती जणांच्या — आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तो कुणी भरत नाही. मी भरतो.

हो — तीच कंपनी. बरोबर ओळखलंत. शहराबाहेर ते मैदानाएवढं दुकान आहे ना, जिथे माणसं आत शिरतात आणि बाहेरची वाट विसरतात, ते त्यांचंच. बाजारातलं मधलं, गार हवेचं — तेही त्यांचंच, पाटीवर नाव वेगळं आहे म्हणून कळत नाही. पेट्रोलपंपाशेजारचं छोटं, रात्रंदिवस उघडं असतं ते — तेही. चौथं एक आहे, त्याचं मागाहून सांगतो. आधी ही बिस्किटं परत घ्या बघू. दोन पुडे कशाला? मला कळतं, काकू, दोन पुडे कशाला ते. ‘जरा कमी लिही, बाळा’ म्हणताय. अहो, तुम्ही म्हणायच्या आधी माझ्या मनात येऊन गेलंय ते. इथे नाही — आधी. दुसऱ्या एका कोपऱ्यावर. ‘कमी लिही’ हे मला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

कामाला लागलो तेव्हा आम्हाला एक दिवस शिकवलं. वीस जण होतो. मोठी खोली, भिंतीवर पडदा, आणि समोर एक साहेब, हातात पडद्यावर दाखवायचा काठीसारखा लांब दिवा. साहेब म्हणाले, आपला समूह आशियातल्या नऊ देशांत आहे, येत्या तीन वर्षांत बाराशे नवीन जागा उघडायच्यात, आणि त्या सगळ्या बाराशे जागा तुमच्या अंगठ्यावर उभ्या राहणार आहेत! सगळे आपापल्या अंगठ्याकडे बघायला लागले — मीही बघितलं, खोटं कशाला सांगू — बरं वाटलं. मग त्यांनी पडद्यावर चौकटी दाखवल्या. दिवसाला पाच हजारांच्या वर माणसं जात असतील तर मधलं दुकान. हजाराच्या वर असतील तर छोटं. आणि म्हणाले — हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही — म्हणाले, ‘आपण जागा नाकारत नाही. आपण फक्त माप बदलतो. शिंपी कधी गिऱ्हाइकाला परत पाठवतो का?’ सगळे हसले. मीही हसलो. हजाराच्या खाली आकडा आला तर काय, अशीही एक चौकट होती पडद्यावर, करड्या रंगाची, आत बारीक अक्षरं होती, मागच्या रांगेतून वाचता येईनात — हात वर करून विचारायचं होतं मला. खरंच विचारायचं होतं. नाही केला हात वर. शाळेपासूनची सवय. वीस जणांत उभं राहून बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी आपलं मनाशी ठरवून टाकलं — हजाराच्या खाली म्हणजे काही नाही. म्हणजे कंपनी येत नाही. एवढंच ठरवलं, बघा.

आणि चौथा कोपरा मला मिळाला तो आमच्याच गल्लीचा.

आमच्याच. गल्लीच्या तोंडापासून तिसरं दुकान माझ्या दादाचं. वडील गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता, दुकान त्यानेच धरलं, मला त्यानेच वाढवलं, वहिनी आली तेव्हा मी जेमतेम बारा वर्षांचा — त्यामुळे आईच म्हणा. तेल, तांदूळ, साबण, वह्या, दोरी, सगळं. तुमच्यासारखंच, फक्त तुमची फळी नीट लावलेली आहे. दादाकडे साबण शोधायला तांदळाचं पोतं हलवायला लागायचं. आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? समोर शिंप्याची माडी आहे, त्याच्या खिडकीत बसलो, पडद्याआड, दादाला दिसू नये म्हणून — घरी सांगितलं, बाहेरगावी काम आहे — आणि तीन दिवस मोजलं. म्हणजे मोजलं नाही. चौथ्या माणसाला एकदा दाबायचं. तीन सोडायचे, चौथ्याला दाबायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. अंगठा आपोआप हलतो, त्याला दुसऱ्या हाताने धरून ठेवायला लागायचं. दुसऱ्या दिवशी तर दादाच गेला समोरून, डोक्यावर खोकं घेऊन — तो तिसरा होता. सोडला त्याला.

दिवसाला सहाशे बारा. असा आकडा आला. मग म्हटलं, नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवायचे नाहीत, जरा बळकट करू, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं — वयस्कर माणसं जास्त. जिने उंच, लिफ्ट नाही. लोक घराबाहेर पडत नाहीत. चार ओळी लिहिल्या, दोनदा वाचल्या, आणि — हसाल तुम्ही — मला वाटलं मी दादाच्या दुकानाभोवती भिंत बांधली.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावलं. म्हटलं पकडलं. तर त्यांनी खुर्ची दिली. मला! कुणी खुर्ची दिली की मी आधी मागे बघतो, दुसऱ्या कुणाला तर नाही ना म्हणतायत. साहेब म्हणाले, ‘शेरा तू लिहिलास? शेरा कुणी लिहीत नाही. असा शेरा नऊ देशांत मला कुणी दिलेला नाही.’ आणि मला कायम केलं. आणि काकू, मला आनंद झाला. खोटं नाही बोलत, जिन्यातून उतरताना मी दोन-दोन पायऱ्या उतरलो. कशाबद्दल शाबासकी दिली, हे मी विचारलंच नाही.

महिनाभरात गल्लीच्या मागच्या टोकाला, जुना फर्निचरचा कारखाना होता तिथे, साफसफाई सुरू झाली. तेच ते चौथं — गोदाम म्हणतात त्याला. पाटी नाही, काच नाही, शटर कमरेपर्यंत उघडं. आत नुसत्या मांडण्या, आणि बाहेर मोटारसायकली. दादा तर हसून हसून बेजार — ‘अरे, हे तुमच्या कंपनीचं दुकान? आत कुणाला घेत नाहीत, बाहेर काही मांडत नाहीत, चोरांनी काढलंय का?’ रोज नवा विनोद. हजाराच्या खाली काय, ते मला तेव्हा कळलं. माणसं बाहेर पडत नाहीत ना? मग दुकानानेच घरात जायचं. मोबाइलवर सांगायचं, दहा मिनिटांत दारात. उंच जिने, वयस्कर माणसं, लिफ्ट नाही — मीच लिहून दिलं होतं, माझ्या हाताने, दोनदा वाचून.

वहिनीचे विनोद वेगळे होते. ती खिडकीतून मोटारसायकली बघायची. ‘भाऊजी, वरच्या मजल्यावर आज तिसरी खेप. आत्ता काय आणलं माहितीय? काडेपेटी. एक काडेपेटी! एवढा मोठा गडी, डोक्यावर हेल्मेट, आणि हातात काडेपेटी.’ हसायची आणि पुढची खेप मोजायला लागायची. आठ महिन्यांत दादाने दुकान आवरलं. कडी घालताना बघायला कुणी आलं नाही, कारण तो दुपारी आवरून बसला, डोकं दुखतंय म्हणून एखादा दिवस बंद करावं तसं. उरलेला माल घरी. आमच्याकडे आता साबण एवढा आहे की पुढच्या पिढीने आंघोळ करावी.

आणि मग ती संध्याकाळ. त्या गोदामाचा मॅनेजर दोरी विकत घ्यायला दादाकडे घरी आला होता, बोलता बोलता बोलून गेला. दादा जेवताना म्हणतो, ‘ऐकलंस का? तुमच्या कंपनीने गल्ली मोजली होती म्हणे. सहाशे माणसं! अरे, सहाशे तर शाळा भरायच्या वेळेलाच जातात! कुठला आंधळा बसवला होता रे?’ मी ताटात बघतोय. तो पुढे म्हणतो, ‘नीट मोजलं असतं तर छोटं दुकान येणार होतं. येऊ दे की! त्यांनी गार बाटल्या विकल्या असत्या, मी तेल-तांदूळ विकला असता. माणसं रस्त्यावर तर आली असती. दोघंही जगलो असतो.’ वहिनीने माझ्याकडे बघितलं. एकदाच. ती कपडे वाळत घालायची ती गच्ची शिंप्याच्या खिडकीसमोर येते, हे मला तेव्हा आठवलं. म्हणाली, ‘भाऊजी, पाणी घ्या.’ बास. आजपर्यंत त्यापुढे एक अक्षर नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, काकू. मी रोज वाट बघतो.

तर आता तुम्हीच सांगा, काय लिहू? कमी लिहिलं तर गोदाम — तुमच्या मागे ती बंद छापखान्याची जागा आहे, मी कालच बघितली. खरं लिहिलं तर छोटं दुकान, बरोब्बर समोर, त्या बंद दवाखान्यात. फुगवून लिहिलं तर मधलं, मग ही अख्खी इमारतच मागतील. कुठलाही आकडा सांगा — पाचशे सांगा, पाच हजार सांगा — चौकट तयार आहे. नऊ देशांत आहे. मी खरं लिहिणार आहे, एवढंच मला येतं आता. तुम्ही गार बाटल्या ठेवू नका, तेल ठेवा, सुटं ठेवा, ओळखीच्यांना उधार — नाही, ते मी कशाला सांगतोय. तुम्हाला माझ्यापेक्षा कळतं. अहो, रडू नका. रडू नका ना. नोकरी सोड म्हणताय? सोडली असती. त्याच संध्याकाळी सोडणार होतो, पण पाणी पिऊन झाल्यावर दादा म्हणाला, ‘तुझी साहेबांशी ओळख आहे. त्या गोदामात मांडणीवरून माल काढायला माणसं हवीत. माझ्यासाठी शब्द टाक.’ चाळिशीचा माणूस, काकू, ज्याने मला वाढवलं तो, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा अर्ज लिहायला बसलो. त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा त्याने शोधलाही नाही. नाव, वय, आधीचं काम — ‘स्वतःचं दुकान’ लिहिलं. खाली रकाना होता, आधीचं काम का सोडलं. तिथे थांबलो. खरं कारण लिहिलं — गिऱ्हाइकं भरपूर होती, गोदामाने नेली — तर साहेब विचारणार, वर्दळ एवढी होती तर तुझ्या कागदावर सहाशे कशी — मग मीही घरी आणि तोही. दादा म्हणाला, ‘अडलास का? लिही काहीतरी.’ मी लिहिलं, ‘गल्लीत माणसांची वर्दळ कमी.’ पेन त्याच्या हातात दिलं. म्हटलं, वाचून दाखवू? म्हणाला, ‘तू लिहिलंस ना? मग बरोबरच असणार,’ आणि सही केली.

जा, काकू, गिऱ्हाईक आलंय. कधीची ती बाई उभी आहे.