खिट्टी

सून: वर्तमानपत्र नको आत्या, तेल खाली उतरतं. ही जुनी चादर घ्या.

बहीण: पांढरी आहे ना? आमचे बाबा पांढरीच अंथरायचे. बारीकसं काही पडलं तरी दिसावं म्हणून.

सून: पांढरीच आहे. आत्या, फार आशा धरून बसू नका हं. परवा तुमच्या दादांनी मलाच विचारलं, या घराचे मालक कुठे गेलेत म्हणून.

बहीण: तुझा नवरा बोलला मला फोनवर. दादाच्या परवान्याची मुदत संपली, त्याच्या या अवस्थेत नवा मिळणार नाही, आज रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची. मी म्हटलं, कर बाबा. पण त्याआधी एकदा आम्हा बहीणभावांना ती उघडून पुसू दे.

सून: आणि पुसता पुसता ते तुम्हाला ओळखतील.

बहीण: चेहऱ्याने नाही ओळखणार. चेहरा मलाच आरशात ओळखू येत नाही. पण खिट्टी म्हटलं तर कदाचित.

सून: खिट्टी म्हणजे?

बहीण: या रायफलीत बोटाच्या पेराएवढी एक खिट्टी आहे. नळीला लाकडी दस्त्याशी धरून ठेवते. ती बसवायचा मान धाकटीचा, म्हणजे माझा. सगळं पुसून झालं की बाबा ओरडायचे, ‘खिट्टी!’ की मी धावत यायचे. शेवटी माझंच नाव खिट्टी पडलं. शाळेत बाईंनी नाव विचारलं तर मी तेच सांगितलं.

सून: मग?

बहीण: मग काय, त्यांनी लिहून घेतलं. दादा भांडून बदलून आला. जा, आण त्याला. आज ही गेली की माझ्याकडे दुसरं काही नाही त्याला दाखवायला.

(सून सासऱ्यांना हाताला धरून आणते, रायफल ठेवलेल्या चादरीसमोरच्या खुर्चीवर बसवते आणि तिथेच उभी राहते.)

भाऊ: चादर कुणी अंथरली?

बहीण: मी, दादा.

भाऊ: दादा म्हणू नका बाई. मला दादा म्हणणारी एकच आहे. पण अंथरलीत बरोबर. कुणाकडे शिकलात?

बहीण: बाबांकडे.

भाऊ: हुशार असणार. बरं, आधी काय बघायचं?

बहीण: आत गोळी नाही ना ते.

भाऊ: डोळ्याने बघायचं आणि मग बोटाने बघायचं. डोळा फसवतो. घाला बोट.

बहीण: रिकामी आहे.

भाऊ: आता मूठ वर, मागे, आणि हा बोल्ट बाहेर. डावीकडे ठेवा. आता ही खिट्टी काढायची. ही चादरीवर ठेवायची नाही, ही माझ्या खिशात. मग नळी उचला, सावकाश. लेकरू उचलतात तशी.

सून: बाबा, सकाळी तुमच्या शर्टाचं बटण मी लावून दिलं. आता बघा हात कसे चालतायत.

भाऊ: बटण काय, ते कुणीही लावतं. गजाला चिंधी लावा. एकाच बाजूने घालायची, खुडबुड करायची नाही. काळी निघाली?

बहीण: काळीकुट्ट.

भाऊ: आता दुसरी, तेल लावून. आता कोरडी. धरा नळी खिडकीकडे. आत आटे दिसतात?

बहीण: दिसतात. दादा, तू मला सांगितलं होतंस, या नळीतून उद्याचा दिवस दिसतो. मी दुपारभर डोळा लावून बसले होते. आई जेवायला हाका मारून दमली.

भाऊ: ते मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं.

बहीण: हो. मीच ती.

भाऊ: काहीतरीच काय बोलता. ती एवढीशी आहे. दस्त्याला तेल लावा, तिथे लाकूड पांढरं पडलंय बघा.

सून: आत्या, राहू दे आता. डोळे पुसा.

बहीण: तेलाच्या वासाने चुरचुरतायत डोळे. चल दादा, लाव नळी परत. बोल्ट घाल. झालं सगळं. आता कोण राहिलं?

भाऊ: खिट्टी.

बहीण: काय म्हणालास?

भाऊ: खिट्टी राहिली. खिशात आहे.

बहीण: दे, मी बसवते. दे दादा. मी बसवायचे ना, तू खाली हात धरायचास, बाबा म्हणायचे, ‘धाकट्या बोटाशिवाय बसत नाही ही.’ आठवतं?

भाऊ: आठवायला काय झालं? म्हणून तर देत नाही. ती तिची आहे. ती शाळेतून आली की बसवेल.

सून: बाबा, गाडी आलीय खाली. हे जिन्यात उभे आहेत. द्या ना ती इकडे.

भाऊ: ती रडेल. मागे एकदा दुसऱ्याने बसवली तर जेवली नव्हती.

सून: आत्या, तुम्ही तरी सांगा.

बहीण: काय सांगू? मी खोटी पडले बघ. राहू दे ती त्याच्या खिशात. ही दोरी घे, नळीभोवती बांध आणि तशीच ने.

सून: ठाण्यात विचारलं तर?

बहीण: हरवली म्हणावं. तशी आधीही हरवली होती एकदा. घरभर झाडून काढलं आणि माझ्या परकराच्या काठात सापडली.

भाऊ: आता हरवायची नाही. मी सांभाळलीय.

सून: मी खाली देऊन येते, आत्या. बसाल ना बाबांजवळ?

बहीण: तू जा.

भाऊ: कुठे नेली रायफल?

बहीण: पुसून झाली ना, जागेवर ठेवायला नेली.

भाऊ: चांगली पुसलीत हो बाई. हात वळणाचा आहे. तुम्हाला घरी जायला उशीर तर होत नाही?

बहीण: नाही. माझी कुणी वाट बघत नाहीये.

भाऊ: मग थांबा. ती येईलच. आली की तुमची ओळख करून देतो.

बहीण: द्या. बसते मी.