भुईगावची जीभ

आलोशियस : सांगून कोन विश्वास ठेवनार नाय, पन झालेलं सांगतो. सनाच्या मिस्साला फादरनी मला वाइनचा एक घोट दिला. मी तिथंच अल्तारासमोर म्हटलं, फादर, ह्याच्यात कोनीतरी पानी मारलंय. आनि ते पन आपल्या लॉरेन्सच्या बावखलातलं, त्याच्या वाडीतल्या तळ्याचं!

बर्नार्ड : मग लॉरेन्स काय म्हणाला?

आलोशियस : काय म्हननार? गुडघ्यावर व्हता, उठलाच नाय. अजून तिथंच असंल.

बर्नार्ड : काल भुईगावच्या बीचवर वडापाव खात होता, मामा.

आलोशियस : म्हंजे माफी मिळाली त्याला. बरं झालं.

विनया : अंकल, शेठ जेवून इकडे कामणच्या कारखान्यातच येतायत. आल्याआल्या तुम्हाला विचारणार. आधी माझं चीज चाखून घ्या ना.

आलोशियस : चाखायचं काय त्यात? मागच्या टायमाला सांगितलं ना, कडू. आज पन कडू. उद्या इचारशील तर उद्या पन.

विनया : अजून तोंडात घातलं नाहीये तुम्ही.

आलोशियस : ताटात दिसतंय की. बोळिंजच्या टॉवरमदी दुधाची पिशवी कातरीनं कापनारी पोरं तुमी, आनि चीज बनवायला आलात! आमी वासराच्या पोटातलं रेनेट घालायचो. दूध कसं दगडासारखं बसायचं. आता हिनं काय केलं बर्नार्ड, वासराचं काम बुरशीला शिकवलं!

विनया : शिकवलं, आणि सुधारलंही. रेनेट दूध जमवतं, पण नंतर गप्प बसत नाही. चीज मुरत असताना आत कुरतडत राहतं. ते जरा जास्त झालं की कडवट कण सुटतात. माझ्या बुरशीचं एन्झाइम दूध जमवतं आणि थांबतं. पुढे मुरवायचं काम दुसऱ्या एन्झाइमचं. ते चीज मऊ करतं, आणि कडू कण असलेच तर तेही मोडून टाकतं. वर्षभराचं मुरणं चार महिन्यांत.

आलोशियस : संकेत पन असाच फाडफाड बोलायचा. कोन संकेत, आठवतो ना गो? तुझ्या आधीचा, चष्म्यावाला. मी दोन अक्षरं बोललो, 'कडू'. शेठनी त्याचं सगळं चीज डुकरांना घातलं. आता विरारला घरोघर बिर्यानी पोचवतो. मधी भेटला, तर मी म्हटलं, बाबा, वाटेत झाकन उघडू नको हां. तू नुसतं बघितलंस तरी ती कडू व्हईल.

बर्नार्ड : मामा, त्याची आई तेव्हा आयसीयूत होती.

आलोशियस : मग त्याचं चीज तिला खायला नाय द्यायचं ना.

बर्नार्ड : असं नको बोलू. आज मॅडमचं पण तेच होणार आहे. शेठनी सकाळीच सांगितलं मला, तुझा मामा बोलेल ते फायनल. कडू म्हटलास तर हिचं काम आजच बंद. बुरशीचे सगळे फ्लास्क उकळून गटारात.

विनया : चार वर्षं घातलीत मी त्या फ्लास्कमध्ये, अंकल.

आलोशियस : मग आत्ताच रडून घे. शेठसमोर रडलीस तर काजळ ओघळतं, बरं दिसत नाय.

विनया : हा घ्या पहिला तुकडा. हात नको, टूथपिक आहे.

आलोशियस : हात नको? मी काय ताज हॉटेलात आलोय? आधी बोटाला कळतं, मग जिभेला.

विनया : जिभेला बोट कशाला लागतं?

आलोशियस : पोरगी बघितल्याबिगर कोन लगीन करतो?

बर्नार्ड : घेऊ द्या मॅडम. मामा नेहमी दाबूनच घेतो.

विनया : तेच बघत होते. दाबा अंकल.

आलोशियस : हं… मऊ. एकदम गिळगिळीत. (तोंडात टाकतो.) थू, थू, थू! अरे, जिभेला मुंग्या आल्या! हे तुझंच.

विनया : माझंच. बर्नार्ड, तुम्ही पण घ्या ना जरा.

बर्नार्ड : मला तर… मामा, गोडसर लागतंय हे. सायीसारखं. खरंच.

आलोशियस : तुझी जीभ सुक्या बोंबलावर वाढली. हे बघ, बोटाखाली मऊ लागलं की समजायचं, आत जास्त कुरतडलंय. कुरतडलं म्हंजे कडू. इतकी वर्सं ह्यात कदी चूक नाय झाली.

विनया : रेनेटच्या चीजमध्ये नसेल झाली. माझं मऊ असूनही कडू नसतं. त्याच्यासाठीच तर ते दुसरं एन्झाइम घातलंय.

आलोशियस : तू मला शिकवनार? ह्या जिभेनं मी नुसता बर्फ चाटून सांगितलंय, ह्याच्यावर आधी घोळ ठेवला व्हता की सुरमई! अर्नाळ्याची अख्खी बोट साक्षीला हाय.

बर्नार्ड : मामा, एक विचारू? काल सेलिन मामीचा फोन आला होता. तुझ्या डब्यातल्या कालवणात मीठ घालायचंच राहिलं, म्हणून ती सकाळपासून मनाला लावून घेऊन बसली होती. तू तर डबा चाटूनपुसून घरी नेलास. वर सांगितलंस, आज कालवण फर्स्टक्लास.

आलोशियस : बायकोचं मन राखावं लागतं. तुझं लगीन झालं की कळंल.

बर्नार्ड : मामीचं मन तू कधी राखलंस? लग्नातल्या जेवणात मीठ कमी पडलं म्हणून तिच्या बापाला वरातीसमोर उभं करून बोलला होतास तू. त्या मोठ्या तापानंतरच तू असा गोड झालायस. ती आनंदाने सगळीकडे सांगत फिरते.

आलोशियस : ताप गेला, जीभ हाय. दे गो दुसरा तुकडा. शेठची गाडी आली वाटतं बाहेर.

विनया : घ्या. दाबून बघा नीट.

आलोशियस : आहा! हे बघ, ह्याला म्हनतात अंग. टनक. बोट आत जात नाय. हे तुझं नाय. हे जुन्या रेनेटचं.

विनया : बरोबर, रेनेटचंच आहे. चव कशी आहे?

आलोशियस : थांब, घाई करू नको… लोनी. ताजं लोनी, आनि मागून जरा जायफळ. गाय कोवळ्या गवतावरची, सकाळचं दूध. बर्नार्ड, शेठना आत बोलव. हा तुकडा त्यांच्या हातावर ठेवनार आनि सांगनार, हे चीज ठेवा, ह्या पोरीला घरी पाठवा. तू पन घे ना, बघतोस काय?

बर्नार्ड : दे… आई गं! थू! पाणी… मॅडम, पाणी द्या! मामा, थूक ते!

आलोशियस : का रे? काय झालं? लोनी हाय, लोनी.

विनया : काडेचिराइताचा कडूजहर काढा आहे तो, अंकल. काल सुईने आतपर्यंत भरला मी. बर्नार्ड अजून थुंकतायत. आणि तुम्ही अजून चघळताय.