सातवा तळ

(नॉर्थम्प्टनशरमधल्या एका छोट्या रेसिंग संघाचं वर्कशॉप. ऑक्टोबरातल्या एका सोमवारची सकाळ. गाडीचे कार्बनचे भाग थापून बनवणारी विनी पॅशली आणि मुख्य मेकॅनिक गार्बट चहाच्या टेबलाशी.)

विनी : माझ्या मगात परत तो हिरवा रंग कालवलाय कुणीतरी. घासून घासून हात गेले, तरी चहा शेवाळासारखाच दिसतोय.

गार्बट : डेस्मंडसाहेबांशिवाय कोण? गाडीच्या पोटाखालच्या तळाला ओला रंग फासायचा, गाडी दोन फेऱ्या पळवायची, आणि वारा कुठून गेला ते बघत उकिडवं बसायचं. एवढा मोठा डिझायनर, पण भांडं नेहमी दुसऱ्याचं.

विनी : मार्चपासून सात तळ थापून घेतले माझ्याकडून. सात! त्याच्या तळांपायी माझ्या कंबरेचं तळपट झालं.

गार्बट : आणि दर तळागणिक गाडी मागे. मेच्या शर्यतीत सातवे आलो, ऑगस्टात अकरावे...

विनी : आणि परवा शनिवारी चौथे. त्याबद्दल बोल की.

गार्बट : बिस्किटं सरकव इकडे.

विनी : गार्बट, सातवा तळ ट्रकमध्ये आहे. ब्लँकेटखाली. आत्ताच बघून आले. हातभर तडा गेलाय त्याला.

गार्बट : हळू बोल! सरावाला वीस मिनिटं राहिली होती, आणि हातातून निसटला. जवळ मार्चचा पहिला होता, तो लावला. वर सातचं लेबल चिकटवलं.

विनी : अरे मेल्या!

गार्बट : सांगणारच होतो गं. पण चौथे आलो आणि तो माणूस नाचायलाच लागला. मला मिठी मारली त्यानं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. काय सांगणार होतो मी त्याच्या खांद्यावरून?

विनी : गुरुवारी मालकीणबाई येतायत. पुढच्या वर्षीची गाडी डेस्मंडनं करायची, की त्याला नारळ देऊन बाहेरून आयती आणायची, ते ठरणार आहे. आणि तो त्यांना हा सातवा मिरवून दाखवणार!

गार्बट : आला बघ. चहा पी.

डेस्मंड : काय मंडळी! विनी, सातव्याचे आणखी दोन हवेत. बुधवारपर्यंत.

विनी : आधी माझा मग भरून दे.

डेस्मंड : दहा देतो! रंगाची रेघ बघितलीस? बाकीच्यांना कडेशी विस्कटायची. शनिवारी कशी, पट्टीनं मारल्यासारखी! हवेच्या बोगद्यात छोटी गाडी ठेवून तपासलं, तेव्हाही हाच सगळ्यांत सरस होता, मी म्हणतच होतो.

गार्बट : बोगद्यातली गाडी खेळण्याएवढी, साहेब, आणि तिचा तळ ॲल्युमिनियमचा. तो कशाला फडफडतोय?

डेस्मंड : फडफडतो कोण म्हणालं?

गार्बट : कोणी नाही. बिस्कीट घ्या.

डेस्मंड : एकच कळत नाही. शनिवारी गाडी दोनशे ग्रॅम जास्त भरली. सातवा तर सगळ्यांत हलका. एवढा जड एकच होता, मार्चचा. तेव्हा विनी म्हणाली होती, रंग जाड बसलाय.

विनी : म्हणाले असेन.

डेस्मंड : गार्बट, इकडे बघ.

गार्बट : साहेब, तुमच्या कानाला हिरवं लागलंय.

डेस्मंड : गार्बट.

गार्बट : ...मार्चचाच होता. सातवा माझ्या हातून पडला.

डेस्मंड : आणि मी तुला मिठी मारली!

गार्बट : छान होती, साहेब.

डेस्मंड : म्हणजे सात महिने मी गाडी बिघडवत बसलो. गुरुवारी हेच सांगू ना? बाई, मार्चनंतर मी घरी बसून बागकाम केलं असतं, तर आज आपण वर असतो?

विनी : असं नको म्हणू.

डेस्मंड : मग काय म्हणू? कड सातही तळांची सारखीच. कार्बनचं कापड तेच, त्याचे थर चार, चित्र माझंच. मग बाकीच्यांची वेगात फडफडते आणि त्या एकाचीच तेवढी ताठ कशी राहते?

गार्बट : विनी, काय ढवळतेयस? तू तर साखर घेत नाहीस.

विनी : रंग नव्हता तो, राजा. मधेच बहिणीचा फोन आला, आणि मोजताना चुकले मी. त्याच्या कडेला पाच थर आहेत.