इथे सगळे आपलेच

नाव : विशाल भगवान तायडे. वय : २१ वर्षे. धंदा : सायबर कॅफेत नोकरी, प्रताप नगर, जयपूर. शिक्षण : जगतपुऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षापर्यंत, पुढे सोडले. राहणार : रेल्वे क्वार्टर, जयपूर. मूळ गाव भुसावळ.

मी समक्ष हजर आहे आणि विचारल्यावरून सांगतो की, माझे सगळे बदलले ते रविवार, दिनांक १८ फेब्रुवारी २००७ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास. त्या वेळी मोरेश्वर लिमये हे आमच्या कॅफेत आले, काउंटरवर हात ठेवून उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "आमच्या घरचा कॉम्प्युटर जरा बघशील का?" त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारले असते तर आज ही चौकशी झाली नसती.

नाशिकहून आलेले पोलीस हवालदार ज्ञानोबा शेवाळे यांनी मला गुन्ह्याची हकिगत वाचून दाखवली. श्री. लिमये हे विमा कंपनीत अधिकारी असून मागील वर्षी जुलैपर्यंत प्रताप नगरमध्ये हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. त्यांची मुलगी कीर्ती, वय १९, हिला पुण्याच्या एका संस्थेत कापडाच्या डिझाइनसाठी प्रवेश मिळाला होता. दिनांक १० जून २००७ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तिच्या खात्यातून संस्थेला मेल गेला की मला प्रवेश नको. जागा दुसऱ्या मुलीला गेली. मेल कीर्तीने केलेला नाही, ती त्या वेळी घरी नव्हती. तपासात असे निघाले की तो लिमये यांच्या घरच्याच कनेक्शनवरून गेला. तेव्हापासून कीर्ती वडिलांशी बोलत नाही. तक्रार तिने दिलेली नाही. ती श्री. लिमये यांनी स्वतः दिली आहे, हे मला आज समजले. घरचा कॉम्प्युटर मी सांभाळत होतो म्हणून मला साक्षीदार म्हणून बोलावले आहे.

श्री. लिमये यांना मी काका म्हणतो. ओळख त्याआधी गणपतीत मराठी मंडळात झाली होती, पण तोंडओळखच. घरी गेल्यावर त्यांनी आडनाव विचारले, मग गाव विचारले. थोडे थांबून म्हणाले, "मराठी आहेस ना, बस झालं." चौकातल्या दुकानातला मेकॅनिक त्यांना नको होता. घरात मुलगी आहे, तिचे फोटो, तिची पत्रे त्यात असतात, परक्या माणसाच्या हातात कॉम्प्युटर द्यायचा नाही असे त्यांचे म्हणणे होते. काकू, म्हणजे सौ. रत्नप्रभा, म्हणाल्या, "आपल्यातलाच मुलगा मिळाला, बरं झालं." मला पोहे दिले. कीर्ती आतल्या खोलीतून आली आणि माझ्या बाजूच्या स्टुलावर बसली. तिच्या बोटांना निळा रंग लागलेला होता. ती सांगानेरला छिप्यांकडे, म्हणजे कापड छापणाऱ्यांकडे, ठसे मारायला शिकत होती.

मी काय काय केले ते साहेबांनी विचारले म्हणून सांगतो. मी टूल्समधून इंटरनेट ऑप्शन्स उघडले. सिक्युरिटीची पट्टी आधी वर, हायवर नेली. त्याने काकांचा मराठी पेपर बिघडला, अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसू लागली, कारण पेपरचा फॉन्ट उतरवून घ्यायला परवानगी राहिली नाही. काका म्हणाले, "काय इंजिनिअर, कॉलेज अर्धवट सोडलंस, आता आमचा पेपरही अर्धवट का?" कीर्ती हसली. मला राग आला नाही. एरवी मला लगेच येतो. कॉलेजही रागानेच गेले, प्रयोगशाळेत भांडण झाले, माफीनामा लिहून दे म्हणाले, मी दिला नाही.

मग पट्टी मधे आणली, पेपर आणि बँकेची साइट भरवशाच्या यादीत टाकली. आपोआप उघडणाऱ्या खिडक्या बंद केल्या. कुकीजची पट्टी एक पायरी वर ठेवली. बँकेचे पान उघडले की खाली कोपऱ्यात कुलपाचे चिन्ह दिसते का ते बघायचे, नसेल तर पासवर्ड टाकायचा नाही, हे काकांना तीनदा दाखवले. पासवर्ड लक्षात ठेवू का, असे कॉम्प्युटर विचारील तेव्हा कायम 'नाही' दाबायचे, हे तिघांनाही सांगितले. काकूंनी ते गॅसच्या पुस्तकाच्या मागे लिहून घेतले.

कीर्ती आत गेल्यावर काका हळू आवाजात म्हणाले, "ते हिस्ट्री का काय, किती दिवस राहते?" मी म्हणालो, ठेवाल तितके. ते म्हणाले, "वीस दिवस राहू दे. मी काही वाचत बसणार नाही. पण असू दे. तिला सांगू नको." मी वीस दिवस ठेवले.

निघताना कीर्ती जिन्यापर्यंत आली. "विशाल, हिस्ट्री शून्य दिवस होते ना? तशी कर. बाबांना सांगू नको." मी म्हणालो, केली आहे. ती केलेली नव्हती. काका माझ्यावर खूश राहावेत असे मला वाटत होते. का, असे विचारल्यावरून सांगतो की मला कीर्तीशी लग्न करायचे होते. हे मी कोणालाही सांगितले नव्हते. कीर्तीलाही नाही.

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी रविवारी जात असे. व्हायरस तपासायचा, साफसफाई करायची. खरे म्हणजे पंधरा दिवसांत साफ करण्यासारखे काही साचत नाही. साहेबांनी विचारले, मग कशाला जायचास. त्याचे उत्तर वर आले आहे.

मे महिन्यात, तारीख आठवत नाही, मी समोर असताना कीर्तीने मेल उघडला आणि खिडकी आली, पासवर्ड लक्षात ठेवू का. ती सवयीने 'नाही' दाबणार होती. मी म्हणालो, 'हो' दाब, घरचाच कॉम्प्युटर आहे, रोज टाइप करायला नको. ती म्हणाली, "तूच तर नाही म्हणाला होतास. आणि कॅफेत तर अजिबात नाही म्हणतोस." मी म्हणालो, "कॅफेत परके लोक येतात. इथे सगळे आपलेच." तिने 'हो' दाबले.

हे सांगितल्यावर हवालदार साहेबांनी लिहायचे थांबवले. ते म्हणाले, "पोरा, पाणी पी. आतापर्यंत तू साक्षीदार आहेस. पुढचं लिहिलं की राहणार नाहीस. विचार करून बोल." मी पाणी प्यायलो. लिहा म्हणालो.

दिनांक १० जून २००७, रविवार. मी साडेदहाला गेलो. कीर्ती सांगानेरला गेली होती. काकू स्वयंपाकघरात होत्या. काका पूजेला बसायचे होते. मला म्हणाले, "माझी पूजा तासभर चालेल. तुझं झालं की जा, जाताना दार ओढून घे." मी हो म्हणालो.

तिच्या मेलच्या पानावर नावाच्या रकान्यात मी एकच अक्षर टाइप केले. खाली तिचे पूर्ण नाव आले, त्यावर क्लिक करताच पासवर्डच्या रकान्यात ठिपके भरले. मला फक्त बघायचे होते की ती माझ्याबद्दल कोणाला काही लिहिते का. अवनी म्हणून तिची मैत्रीण आहे, तिला लिहिलेली पत्रे मी वाचली. चार महिन्यांत माझ्याबद्दल एक ओळ होती. "कॉम्प्युटरवाला विशाल येतो, चांगला आहे, काकूंचे पोहे मात्र त्याला रोज लागतील असं दिसतं." तिच्याच आईला ती तिथे काकू म्हणाली होती, मतलब माझी नक्कल केली होती. पुढे लिहिले होते, पुण्याला गेल्यावर जयपूरचे फक्त सांगानेर आठवेल.

त्याखाली संस्थेला तिने दिलेला होकार होता, दोन दिवसांपूर्वीचा. ती जाणार हे मला माहीत नव्हते. घरातल्या सगळ्यांना माहीत होते. मला सांगायचे कोणाला सुचले नाही.

आतून घंटीचा आवाज येत होता. मी इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. घरगुती कारणामुळे प्रवेश घेऊ शकत नाही, जागा दुसऱ्याला द्यावी, तसदीबद्दल क्षमस्व. कॉलेजात मी कधी एवढे शुद्ध इंग्रजी लिहिले नव्हते. पाठवला. पाठवलेल्यातून पुसला. मग साठवलेले पासवर्ड पुसले. हिस्ट्री पुसली नाही. ती पुसली असती तर कोणी बाहेरच्याने केले असे वाटले असते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले होते की नाही, असे साहेबांनी विचारले. आले होते.

काकू आतून म्हणाल्या, "विशाल, चहा ठेवू?" मी नको म्हणालो. दार ओढून घेतले.

सोमवारी दुपारी संस्थेचे उत्तर आले की आपले पत्र मिळाले, जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला दिली आहे. कीर्तीने फोन केला. ते म्हणाले, तुम्हीच लिहिले आहे. त्या मुलीला सकाळीच कळवले होते, तिने होकारही दिला होता.

त्याच संध्याकाळी मला घरी बोलावले. कॉम्प्युटर चालू होता, हिस्ट्री उघडलेली होती. रविवारच्या खाली तिच्या मेलचे पान दिसत होते. मी अकरालाच निघालो होतो असे मी न विचारताच सांगितले. काका पूजेत, काकू स्वयंपाकघरात, कोणी मला जाताना पाहिले नव्हते. कीर्तीने काकांकडे पाठ करून मला विचारले, "हे वीस दिवस कोणी करायला सांगितलं?"

मी म्हणालो, काकांनी.

ते खरे होते. मी एवढेच बोललो. काका म्हणाले, "हो, सांगितलं होतं मी, पण एकदाही उघडून पाहिलं नाही गं." कीर्ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला पुणं नकोच होतं पहिल्यापासून," म्हणाली. काकांनी माझ्याकडे पाहिले. मी जाणकार आहे, मी काहीतरी सांगीन, असे त्यांना वाटले असावे. मी माउस साफ करत होतो.

दुसऱ्या दिवशी कीर्तीचा फोन आला होता की पासवर्ड पुन्हा का विचारतो आहे. मी म्हणालो, अपडेट आलं असेल. ती बरं म्हणाली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. जुलैमध्ये काकांची नाशिकला बदली झाली. ती त्यांनी मागून घेतली असे माझे वडील म्हणत होते. सामान भरायला मी गेलो होतो. कॉम्प्युटर मीच खोक्यात भरला. कीर्ती जयपूरमध्ये राहावी म्हणून मी तो मेल केला होता.

हवालदार साहेबांकडून समजले की नाशिकला ती काकांच्या आधी किंवा नंतर जेवते. काही सांगायचे असेल तर काकूंना सांगते, त्या दोघांच्या मधे उभ्या राहून सांगतात. बी.ए.ला नाव घातले आहे. ठसे आणले होते, ते माळ्यावर आहेत.

आज सकाळी दहाला मी या ठाण्यात आलो तेव्हा काका बाहेर बाकावर बसले होते. साहेबांबरोबर ते स्वतःच्या रजेने आले आहेत, हे मला माहीत नव्हते. बारीक झाले आहेत. त्यांनी माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. "काकूंनी दिलेत, तिळाचे. संक्रांत दोन दिवसांवर आली." मग म्हणाले, "विशाल, यांना नीट सांग बाबा. घरातल्या कोणी केलं नाही, एवढं तू सांगितलंस तरी पुरे. तुझं ती ऐकेल."

मी आत येताना ठरवले होते की काही माहीत नाही म्हणायचे. डबा मांडीवर होता.

मला कोणी मारहाण केली नाही, धाक दाखवला नाही. श्री. मोरेश्वर लिमये यांनी मेल केलेला नाही, वाचलेला नाही, हिस्ट्री एकदाही उघडलेली नाही. ती उघडली असती तर उघडल्याच्या तारखेची नोंद राहिली असती, मी ती पाहिली होती, काकांनी उघडल्याची एकही नोंद नव्हती. हेही मी त्या संध्याकाळी बोललो नाही. या जबाबाची एक प्रत कीर्ती मोरेश्वर लिमये हिला वाचायला मिळावी अशी माझी विनंती आहे. तिला दुसरे काही सांगायचे नाही. तो माफीनामा समजू नये, कारण माफी मागायला मला तोंड नाही.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला, मीही डोळ्यांखालून घातला. तो मी सांगितला तसाच आहे, त्यात माझ्याकडून काही कमी-जास्त नाही.

सही : विशाल भगवान तायडे
जयपूर, दिनांक १२ जानेवारी २००८

शेरा : जबाब देणारा सही करून दुपारी १ वाजून १० मिनिटांनी उठला. तक्रारदार बाहेर बाकावर असल्याचे त्यास सांगितले व थोडा वेळ बसायचे असल्यास बस, असे म्हटले. तो नको म्हणाला. काकांना मीच सांगतो, असे म्हणाला. डबा बरोबर घेतला. खोलीबाहेर गेला व जाताना दार ओढून घेतले.

ज्ञा. शेवाळे, पो. हवालदार