उजव्या नाकपुडीतली चमकी

"गाडी लेट आहे."

"पोलादात सगळं उलटं कोरावं लागतं."

"मफलर नीट घे गं, मावशी."

"तो गेला, म्हणून तर हे प्रदर्शन."

नेपरव्हिल स्टेशनात मराठी कानावर पडलं, तशी ज्ञानदाने इअरफोन काढले. मागच्या बाकावर एक मावशी आणि त्यांची भाची प्रीता शिकागोच्या गाडीची वाट बघत होत्या.

"फोटो परत दाखव. पदकावरची ही मीच."

"पण म्युझियमच्या पाटीवर लिहिलंय, अनोळखी दक्षिण भारतीय स्त्री."

"नाकातली चमकी उजवीकडे आहे ना, दक्षिणेतल्या बायकांसारखी, म्हणून."

"तुझी तर डावीकडे आहे."

"साचा उलटा कोरला की पदक सुलट उमटतं. पण पदक करताना एतिएनने मला समोर बसवलं आणि साच्यात दिसले तशीच कोरलं."

"यार, एवढा मोठा आर्टिस्ट आणि ही मिस्टेक?"

"चौदाव्या वर्षापासून पदकं कोरायचा. पुढे फ्रान्सभर त्याचे पुतळे उभे राहिले. चुकला तो त्या एकाच दिवशी."

"मग दुरुस्त नाही केलं?"

"मी म्हटलं तसं. तर म्हणाला, राहू दे, आता तुला दुसरं कुणी ओळखणार नाही."

"आज सांगू या ना त्यांना. पाटीवर तुझं नाव येईल."

"नको."

"मग एवढ्या बर्फात कशाला चाललोय आपण?"

"त्याचा हात फिरलाय गं त्या पदकावरून."

"काचेत असेल ते, मावशी."

"असू दे."

मावशी पॅरिसला फ्रेंच शिकायला गेल्या, तेव्हा भारतात त्यांचा साखरपुडा झालेला होता.